तळहातावरचा शिपाई
(सदर: फावल्या वेळचे उद्योग)

दिवाळीतला किल्ला पाहावयास जाणाऱ्याने मोजपट्टी घरी ठेवून जावे. दरवाजा चार बोटांचा आणि दरवान वीतभर उंच. तोफेपेक्षा शेजारचा गोळा मोठा. पायथ्याच्या विहिरीवरची बाई घागर उचलून सरळ उभी राहिली, तर तिचे डोके थेट बालेकिल्ल्याला लागावे. सिंहासनावर शिवाजीमहाराज सर्वांत मोठे, कारण ते महाराज! बाकी वाघ, गवळण, वाणी, मावळा ही मंडळी कुंभाराकडून ज्या मापाची मिळाली त्या मापाची. मुलांना त्याचे काही वाटत नाही आणि वाटूही नये. त्यांच्या किल्ल्यात मान मोजला जातो, इंच मोजले जात नाहीत.

आज ज्या छंदाविषयी लिहावयाचे आहे तो या किल्ल्याचा सख्खा भाऊ आहे. पण स्वभावाने अगदी उलट. दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, मोटारी, चिलखती गाड्या यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करावयाच्या, त्या चिखलात, बर्फात किंवा पडक्या गावाच्या रस्त्यावर उभ्या करावयाच्या आणि त्यांच्याभोवती माणसे मांडून एक प्रसंग रचावयाचा. या मांडणीला 'डायोरामा' म्हणतात. शब्द जुना आहे. पॅरिसमध्ये १८२२ साली दागेर याने आपल्या एका नाटकगृहाला हे नाव दिले. प्रचंड पडद्यांवरच्या चित्रांवर उजेड बदलत ठेवून तो प्रेक्षकांना पहाट आणि रात्र दाखवी. पुढे छायाचित्रणाच्या शोधामुळे नावाजला, तोच हा दागेर. त्याचे नाटकगृह १८३९ साली जळाले. शब्द मात्र उरला आणि लहान होत होत टेबलावर येऊन बसला.

या छंदातल्या माणसांचे माप बहुधा १:३५ असते. म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. पस्तीसच का, असे कोणीही विचारील. चाळीस नाही, पन्नास नाही, मध्येच हा पस्तीस कोठून आला? त्याचे उत्तर जपानात शिझुओका शहरी मिळते. तेथल्या तामिया कंपनीचा जन्म १९४६ सालचा, आणि तोही लाकडाच्या वखारीत. लाकडी खेळणी करता करता ती प्लॅस्टिककडे वळली आणि १९६१ च्या सुमारास तिने जर्मन 'पँथर' रणगाड्याचा संच काढला. तो आपल्या पायाने चालणारा, म्हणजे आत मोटर आणि दोन बॅटऱ्या असलेला होता. बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्याचे पोट तेवढे ठेवले. रणगाडा खपला. त्याच मापाचे आणखी रणगाडे काढावे म्हणून मागाहून हिशेब केला, तो माप भरले पस्तिसावा भाग! पुढे इतर कारखान्यांनीही तेच उचलले. अशा रीतीने दोन बॅटऱ्यांनी जगभरच्या शिपायांची उंची ठरवून टाकली.

ती उंची किती? पावणेदोन मीटर उंचीचा माणूस घेतला, तर बरोबर पाच सेंटिमीटर. आगपेटीतल्या काडीहून किंचित उंच. डोके तुरीच्या दाण्याहून थोडे मोठे. हातातली ली-एनफिल्ड रायफल सव्वातीन सेंटिमीटर. अंगरख्याचे बटण खसखशीच्या दाण्याहूनही लहान. या मापात एक मिलिमीटर चुकला की खऱ्या माणसात साडेतीन सेंटिमीटर चुकले. नाक एवढे पुढे आले तर त्या गृहस्थाला ओळखणार कोण?

आता कोणी म्हणेल, छंद जर गाड्यांचा आहे, तर माणसांचा हा खटाटोप कशाला? तर त्याचे कारण असे की रणगाड्याला मोठेपणा माणसामुळेच येतो. अमेरिकन 'शर्मन' रणगाडा या मापात सुमारे सतरा सेंटिमीटर लांब आणि आठाहून थोडा कमी उंच होतो. तो नुसता टेबलावर ठेवला तर ते एक सुबक खेळणे. त्याच्या पट्ट्याजवळ पाच सेंटिमीटरचा एक माणूस उभा करा. लगेच ते पोलाद तीस टनांचे दिसू लागते. वर झाकणातून बाहेर डोकावणारे एक डोके ठेवा; लगेच त्या डबक्यात पाचजण बसतात, त्यांना उकडते, भीती वाटते, हे ध्यानात येते. यंत्र किती मोठे हे माणूस सांगतो आणि ते कशासाठी होते हेही तोच सांगतो.

पण प्लॅस्टिकच्या संचातली माणसे पुष्कळ वर्षे गाड्यांच्या मानाने अगदीच सामान्य असत. चेहरे मेणासारखे वितळलेले, खिसे अंगाला चिकटलेले, सगळ्यांचे भाव एकच. दोष कारागिराचा नव्हे, साच्याचा. प्लॅस्टिकचे काम पोलादी साच्यात होते. साच्याची दोन अर्धुके समोरासमोर मिटतात, मध्ये तापलेले प्लॅस्टिक दाबाने भरते आणि अर्धुके सरळ रेषेत उघडतात. कानामागची खाच, जाकिटाची आत वळलेली घडी, हनुवटीखालची पोकळी अशा ठिकाणी साचा अडकेल, म्हणून त्या जागा भरूनच टाकाव्या लागतात. शिवाय पोलादी साचा फार महाग. हजारो नग विकले जाणार असतील तरच तो परवडतो.

येथे रेझिन मदतीला धावले. शब्दकोशात पाहिले तर 'राळ' असा अर्थ मिळेल. पण ही आपल्या देवळातली राळ नव्हे. दोन बाटल्यांतली दोन द्रवे सारख्या प्रमाणात मिसळली की काही मिनिटांत घट्ट होणारे हे पॉलियुरेथेन. त्याची कृती सांगू लागलो तर पेणच्या वाचकांना ती ओळखीची वाटेल, कारण गणपतीच्या कारखान्यात थोडीफार हीच चाल असते. आधी मूळ मूर्ती, मग तिच्यावरून रबराचा साचा, मग साच्यातून नग, मग घासकाम आणि रंग. मूळ शिपाई करणारा मूर्तिकार तारेचा सांगाडा वाकवतो, त्यावर दोन भागांची एपॉक्सी पुटी चढवतो आणि सुईने, सुरीच्या टोकाने, भिंगाखाली कपड्याच्या घड्या कोरतो. मग त्यावर सिलिकोन रबर ओततात. हे रबर लवचीक असल्याने कानामागच्या खाचेतूनही वाकून बाहेर येते. जे पोलादाला जमत नाही ते त्याला जमते. हवेचे बुडबुडे राहिले तर शिपायाचे नाकच नाहीसे व्हायचे, म्हणून रबर आणि रेझिन यांतली हवा यंत्राने शोषून घेतात किंवा दाबाखाली बुडबुडे चिरडून टाकतात. ओल या पदार्थाची वैरीण. दमट हवेत रेझिन फसफसते. तेव्हा कोणाला हा उद्योग करावयाचा असेल तर मुंबईचा आषाढ त्याला वर्ज्य समजावा.

रबरी साचा काही डझन नगांतच फाटतो. पण तेवढ्यावर भागते, कारण येथे कारखाना लागत नाही. एक मूर्तिकार, एक खोली आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर युरोपात कितीतरी छोटे धंदे उभे राहिले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन याने १९८० च्या दशकात रेझिनची माणसे आणि सरंजाम यांचा मोठाच बाजार उभा केला. इंग्लंडातून 'हॉर्नेट' या नावाने नुसती डोकी विकली जातात! दचकू नका. कोणाचे ओरडणारे, कोणाचे हसणारे, कोणाचे दमलेले. पाकीट आणावे आणि प्लॅस्टिकच्या मख्ख शिपायाचे मुंडके उडवून नवे बसवावे. एवढ्याने त्याच्यात जीव येतो. अलीकडे हे शिल्पकाम संगणकावर होते आणि उजेडाने गोठणाऱ्या रेझिनचे थर, एकेक मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ, एकावर एक चढवून यंत्र शिपाई छापून देते. पुटीत नखे बरबटवणारे जुने कारागीर यावर नाक मुरडतात. पण छापलेल्या शिपायाच्या बुटाची नाडी मोजता येते, हेही खरे.

घरी आणलेल्या शिपायावरचे संस्कार थोडक्यात सांगतो. प्रथम त्याला साबणाच्या पाण्याने स्नान, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट हात अंगावर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. पायाखालचा रेझिनचा ठोकळा बारीक करवतीने कापावयाचा. प्लॅस्टिक जोडण्याचा डिंक येथे निरुपयोगी. तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन त्याला दाद देत नाही. हात-पाय जोडावयास सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपला झटपट चिकटणारा गोंद हवा. घासकाम पाण्यात भिजवलेल्या कागदाने करावे आणि तोंडाला मुसके बांधावे. रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट. आणि न गोठलेले रेझिन कातडीला वाईट, तेव्हा हातमोजे हवेत व खिडकी उघडी हवी. आयांनी या बाबतीत मुलांवर ओरडावे. त्यांना पूर्ण अधिकार आहे.

मग रंग. येथे एक गमतीची अडचण येते. खोलीतल्या दिव्याखाली पाच सेंटिमीटरच्या माणसाच्या अंगावर खऱ्या माणसासारखी सावली पडत नाही. म्हणून सावली रंगाऱ्याने स्वतःच घालावयाची: हनुवटीखाली, काखेत, पट्ट्याखाली गडद, खांद्यावर, गुडघ्यावर, नाकाच्या शेंड्यावर उजळ. जणू सूर्य डोक्यावर आहे असे समजून सगळे रंगवावयाचे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला सर्वांत जाणता कारागीर बसतो. येथेही तोच मान, पण उद्देश उलट. गणपतीचे डोळे भक्ताकडे पाहतात, म्हणून ते मोठे आणि स्वच्छ. शिपायाचा डोळा या मापात मिलिमीटरही रुंद नसतो; त्यात पांढरे थोडे जास्त झाले की तो भूत पाहिल्यासारखा दिसतो. पापणीची एक गडद रेघ आणि तिच्याखाली एक ठिपका, बस्स. आणि पायांत वजन हवे. बूट जमिनीवर नुसते टेकलेले असले की माणूस हवेत लोंबकळतो. ते चिखलात रुतले पाहिजेत आणि रणगाड्याच्या पट्ट्याला जो चिखल तोच बुटाला पाहिजे. दोघे एकाच वाटेने आलेले असतात ना!

इथवर कौशल्य झाले. पण अमेरिकेच्या शेपर्ड पेन (१९४६–२०१५) याने या छंदाला आणखी एक धडा दिला. १९७० च्या दशकात 'मोनोग्रॅम' कंपनीच्या संचांबरोबर त्याने रचलेल्या डायोरामांची माहितीपत्रके येत आणि ती पाहून एक पिढीच्या पिढी या नादाला लागली. डायोरामा ही एक गोष्ट आहे, आणि गोष्टीत पात्रे महत्त्वाची, हे त्याने कामातून दाखवून दिले. खरोखर, चांगले डायोरामे पाहावे तर त्यांत गोळीबार थोडाच. रणगाड्याच्या सावलीत एकजण दाढी करीत असतो, दुसरा बूट काढून पाय चोळीत असतो. आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौज पेट्रोलचा पत्र्याचा डबा कापी, त्यात वाळू भरी, वाळूवर पेट्रोल ओतून पेटवी आणि त्यावर चहाचे आधण ठेवी. हा चहाचा प्रसंग रचणे कारागिरांना फार आवडते, आणि पाहणाऱ्यालाही तो लढाईपेक्षा अधिक काही सांगून जातो.

तरीही, घरात लढाई कशाला आणावयाची, असा प्रश्न गृहिणी विचारतातच, आणि तो रास्त आहे. एच. जी. वेल्स या शांततावादी लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. खऱ्यापेक्षा ही लुटुपुटूची लढाई किती बरी, हा त्याचा भाव होता. पुढच्याच वर्षी खरी सुरू झाली. तेव्हा खेळण्यातल्या शिपायांमुळे युद्ध टळते असा दावा कोणी करू नये. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा धरावी, की त्यांनी खोटे बोलू नये.

हे खोटे न बोलणे किती कठीण, याची एक शिकवण देणारी हकीकत आहे. विल्यम सायबोर्न नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यावर १८३० साली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम सोपविण्यात आले. लढाई होऊन पंधरा वर्षे झाली होती. गडी मोठा कसोशीचा. रणभूमीवरच्याच एका शेतघरात आठ महिने मुक्काम ठोकून त्याने जमीन मोजली. मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले, की १८ जून १८१५ च्या संध्याकाळी साधारण सात वाजता तुम्ही कोठे होता, तुमच्यासमोर कोण होते, शेतात पीक कोणते होते? शेकडो उत्तरे आली. त्यांच्या आधाराने त्याने सत्तर हजारांवर इवलेसे धातूचे शिपाई मांडले. पण उत्तरांवरून असे दिसू लागले, की विजयाच्या घटकेला मित्र म्हणून धावून आलेले प्रशियन सैन्य रणभूमीवर पुष्कळच होते. वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचले नाही. विजयात वाटेकरी दिसू लागला ना! सरकारी पैसा आधीच आटला होता. प्रतिकृती १८३८ साली लंडनला लोकांपुढे आली. गर्दी झाली, पण सायबोर्नच्या पदराला खारच लागला. पुढे त्याने प्रशियन शिपायांची मांडणी बदलली आणि त्यांची संख्या घटवली. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. काचेखालचा शिपाई लहान असतो; पण तो तेथे ठेवला की नाही, यावर इतिहास कोणाचा हे ठरते.

हे वाचून आजच्या दुकानांकडे वळले की मनात एक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शिपायांचे संच पाहावे तर त्यांत जर्मन सर्वांत जास्त. त्यांच्या गाड्यांच्या तऱ्हा पुष्कळ, गणवेश चित्रविचित्र, म्हणून मागणीही फार. त्यांच्यामागे अमेरिकन, रशियन, ब्रिटिश. आणि आपले? त्या युद्धात हिंदी सैन्यात पंचवीस लाख माणसे होती, सगळी स्वेच्छेने भरती झालेली. एकट्या इटलीत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले आणि तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी सैनिकांचे. दुकानात मात्र हिंदी शिपाई क्वचित दिसतो. दिसला तर बहुधा पगडीतला शीख. त्याचेही कारण समजण्यासारखे आहे. पगडी हातभरावरून ओळखू येते. मराठा शिपाई इटलीत लोखंडी टोप आणि खाकी गणवेश घालून उतरला होता. पाच सेंटिमीटरच्या मापात तो आणि इंग्रज टॉमी यांच्यात फरक तो काय? फक्त चेहऱ्याचा. म्हणजे सगळा भार रंगाऱ्याच्या कुंचल्यावर.

त्या चेहऱ्यांतले दोन तर आपण ओळखलेच पाहिजेत. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सगळे पडले; उरले ते एकटे. ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली आणि ती रिकामी झाल्यावर तिचाच सोट्यासारखा वापर केला. ठाणे पडले आणि लगेच लपलेल्या बंदूकबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस. त्यांची समाधी नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे, माणगावला पुतळा आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. ज्या गावात ते लढले, त्या गावाला ऐंशी वर्षांनीही आठवण राहिली.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्याचे. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. काठाला दोन्ही बाजूंनी उंच बांध, त्यांत शत्रूची ठाणी. नदी ओलांडताना कंपनीचा अधिकारी आणि एक सहकारी जखमी झाले. जाधवांनी गोळीबारात एकेकाला उचलले आणि खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप पलीकडे नेले. दोनदा. मग परत येऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागून टॉमीगन धरवेना, तेव्हा हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावले. ती गर्जना शिवाजीमहाराजांच्या जयजयकाराची. आपल्या अंगणातल्या किल्ल्यावर मुले जी देतात तीच!

सेनियोच्या त्या लढाईत ज्वाळा फेकणारे चर्चिल रणगाडे होते, तसल्याच ब्रेन कॅरिअर गाड्याही होत्या. म्हणजे गाड्यांच्या छांदिष्टाला हवे ते सगळे आहे. बांध रचावयास थर्माकोल, प्लॅस्टर आणि चाळलेली माती पुरे. नदीला पारदर्शक रेझिन. माणसांसाठी खाकी गणवेशातल्या ब्रिटिश पायदळाचा कोणताही संच घ्यावा, हात कापून वाकवावे, जोडावर पुटी भरावी, डोकी नवी बसवावी. चेहऱ्यासाठी मात्र परदेशी पुस्तकांवर विसंबू नये. त्यांतली कातडीच्या रंगाची कृती गुलाबी माणसांची असते. आपल्या चेहऱ्याचा पाया तांबूस तपकिरी धरावा, उजेडाच्या जागी पांढरा न मिसळता पिवळी माती मिसळावी. नाहीतर शिपाई पावडर लावल्यासारखा दिसतो. गाड्या केवढ्या असत हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. तेथे एखाद्या रणगाड्याला खेटून उभे राहावे, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या माणसाच्या छातीत काय होत असेल याचा अंदाज येतो.

आणि प्रसंग कोणता निवडावा? माझे मत विचाराल तर युद्धगर्जनेचा नव्हे. तो कोणालाही सुचेल. खांद्यावर जखमी माणूस घेऊन, गुडघे वाकलेला, बांध चढणारा जाधव करावा. त्याच्या हातात शस्त्रही दाखवावे लागत नाही. तो अर्धा चढ चढला आहे. माथा अजून हातभर दूर आहे. पाहणाऱ्याने श्वास रोखून धरला, की काम साधले.

राहता राहिला सायबोर्नचा धडा. त्याने हयात माणसांना पत्रे लिहिली तेव्हा लढाईला वीसएक वर्षेच झाली होती. आपल्याला १९४५ नंतर ऐंशी वर्षे उलटली. इटलीत गेलेल्या माणसांना विचारावे, तर विचारण्याजोगे आता फारसे कोणी उरले नाही. पण सातारा, कोल्हापूर, नगर, रत्नागिरी, रायगडकडच्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या पेटीत एखादे पितळी बटण, 'इटली स्टार'चे पदक, सुटका झाल्याचा कागद किंवा छावणीतल्या तंबूपुढे काढलेला धुरकट फोटो असेल. दिवाळीच्या साफसफाईत असली पेटी रद्दीवाल्याच्या वजनकाट्यावर जाऊ देऊ नका. पट्टा कसा आवळला होता, टोप किती कलता होता, मिशी कशी ठेवली होती, हे त्या फोटोखेरीज आता कोणी सांगणार नाही. फोटोच्या मागे नाव, गाव, पलटण लिहून ठेवा. आजोबांचे असेल तर आजीकडून आजच विचारून घ्या. घरातल्या एखाद्या मुलाला भिंग आणि कुंचला घेऊन बसावेसे वाटले, तर त्याला चेहऱ्याची वाण पडू नये.